चासेन, चावान आणि आमची रवी : घरच्या माचाच्या नोंदी

निशी-कासाई, तोक्यो. एप्रिल ते जून 2025.

या नोंदी चहा-समारंभाच्या नाहीत. तो शिकायला वर्षं लागतात आणि मला गुडघे मुडपून दहा मिनिटंही बसवत नाही. सकाळी ऑफिसला निघण्याआधी एक वाटी नीट माचा (जपानी हिरव्या चहाची बारीक पूड पाण्यात घोटून करतात तो) प्यायचा, एवढंच ठरवलं होतं. त्यासाठी काय काय घेतलं, त्यातलं काय पाण्यात गेलं, ते जसं घडलं तसं लिहून ठेवतेय. सगळे आकडे येनमध्ये आहेत. एक येन म्हणजे त्या वेळी साठ पैशांच्या थोडं आत.

5 एप्रिल, शनिवार

शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या बाई मार्चअखेर निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी क्योतोजवळच्या उजीच्या माचाचा 40 ग्रॅमचा डबा माझ्या हातात ठेवला. गेल्या शरदापासून इथे माचाची टंचाई आहे, बऱ्याच दुकानांत ‘माणशी एकच डबा’ अशी पाटी असते, नाहीतर फळी रिकामीच. त्यामुळे भेट भारी होती. डबा एकदा उघडला की महिनाभरात संपवायचा, नाहीतर हिरवा रंग मळकट होतो आणि वासही जातो, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं.

डबा आज उघडला. घरात हत्यार एकही नाही. स्टीलची वाटी घेतली, चमचाभर पूड टाकली, किटलीतलं उकळतं पाणी ओतलं आणि चमच्याने ढवळलं. पिठल्यात पडाव्यात तशा गुठळ्या. वरून हिरव्या, फोडल्या की आत कोरडी पूड. वाटी इतकी तापली की धरता येईना. चव? कडुनिंब.

दुसऱ्या खेपेला लॅटेसाठी आणलेलं बॅटरीचं फेसयंत्र लावलं. गुठळ्या अर्ध्या मोडल्या, पण फेस साबणाच्या पाण्यासारखा आला, मोठे बुडबुडे, मिनिटभरात बसला. शिवाय वाटी उथळ, म्हणून गॅसच्या मागच्या टाइल्सवर हिरवी रांगोळी.

गेलेला वेळ: पाऊण तास, त्यातला अर्धा टाइल्स पुसण्यात. वाया: 4 ग्रॅम.

6 एप्रिल, रविवार

गुठळ्यांचं कारण सापडलं. ही पूड इतकी बारीक असते की डब्यातच एकमेकीला चिकटून बसते. पाणी पडलं की गुठळीचं बाहेरचं अंग भिजतं आणि आतलं कोंडतं. मग घोटून घोटून हात मोडला तरी फुटत नाही. म्हणजे पाण्याच्या आधी चाळायला हवी. आजीचं ‘वस्त्रगाळ’ आठवलं.

शंभर येनच्या दुकानातून चहाची बारीक जाळीची गाळणी आणली, 110 येन. बांबूची खास चाळणी 1,800 ला दिसली, सोडून दिली. गाळणी वाटीवर ठेवून चमच्याच्या पाठीने पूड हलकेच फिरवली की खाली रवाळ हिरवा पाऊस पडतो. दहा सेकंदांचं काम. या सगळ्या नोंदींत पैसावसूल वस्तू कोणती विचाराल तर हीच.

एक चूक मात्र केली. गाळणी धुऊन तशीच ओली वापरली. जाळीत पूड लापशीसारखी अडकली. 2 ग्रॅम गेले. गाळणी कडकडीत कोरडी हवी.

8 एप्रिल, मंगळवार

ऑनलाइन ‘माचा सेट’ मागवला. वाटी, बांबूची घोटणी आणि बांबूचा चमचा मिळून 2,980. घोटणीला चासेन म्हणतात, वाटीला चावान आणि त्या वाकड्या लांब चमच्याला चाशाकु. पुढे हेच शब्द वापरते.

फोटोत सगळं देखणं होतं. हातात आल्यावर चावानचा बुडखा बघितला आणि शंका आली. फुलपात्रासारखा खाली निमुळता. आतलं तळ माझ्या तीन बोटांत मावतं. चासेन आत घातला की काड्या चारी बाजूंनी भिंतीला टेकतात, हलवायला जागाच नाही. ढवळलं की ‘खर्र’ आवाज. पण पैसे दिलेत, तेव्हा चालवून घेऊ म्हटलं. तिथेच चुकलं.

12 एप्रिल, शनिवार

परवा आई सांगलीहून आली, जूनअखेरपर्यंत आहे. आज सकाळी तिला माचा करून द्यायचा घाट घातला.

वाटी गरम केली, चासेन कोमट पाण्यात भिजवला, पूड चाळली, पाणी घातलं. (भिजवणं चुकवू नका. कोरड्या काड्या ठिसूळ असतात, पाण्यात पाच-दहा सेकंद राहिल्या की लवचिक होतात.) तेवढ्यात फोन आला म्हणून आत गेले. परत येते तो आईने चासेनचा दांडा दोन्ही तळव्यांत धरलेला आणि ताक घुसळावं तशी रवी फिरवतेय. घर्र घर्र घर्र.

“अगं आई!”

“काय झालं? गुठळ्या मोडत नव्हत्या ना तुझ्या? बघ कशा मोडल्या.”

गुठळ्या मोडल्या होत्या हे खरं. काड्याही मोडल्या होत्या. सहा मोजल्या. पाच तळाशी सापडल्या, सहावी आईच्या घोटात. तिने ती बोटाने जिभेवरून काढली, उजेडात धरून पाहिली आणि म्हणाली, “काटा आहे की गं. माशाचा असतो तसा.”

दोष आईचा नाही. रवी लाकडी, तिच्या कळ्या जाड. ती एका जागी गरगर फिरवायची असते आणि भांडं खोल असतं. चासेनच्या काड्या टोकाला कागदासारख्या पातळ असतात, त्या एका रेषेत पुढे-मागे चालवायच्या असतात. गोल पिळलं की आतल्या आणि बाहेरच्या काड्या एकमेकींत अडकतात. त्यात आमच्या चावानचं तळ अरुंद. रवी फिरवली नसती तरी हा चासेन महिना काढता ना. आईच्या आधीच माझ्या हातून दोन तुटल्या होत्या, हे मी तिला सांगितलं नाही.

13 एप्रिल, रविवार

खालच्या मजल्यावर सत्तरीच्या आजी राहतात. तरुणपणी बरीच वर्षं चहा-समारंभ शिकवणाऱ्या ओमोतेसेन्के घराण्याचा चहा शिकल्या आहेत. लिफ्टमध्ये भेटल्या तेव्हा तुटक्या चासेनची गोष्ट सांगितली. हसल्या आणि “घेऊन या” म्हणाल्या. आईलाही नेलं.

पाच मिनिटांत त्यांनी जे दाखवलं ते मी आठ दिवस शोधत होते. चासेन मुठीत नाही धरायचा, अंगठा आणि दोन बोटांत वरून पकडायचा. हात हलवायचा नाही, फक्त मनगट. आधी तळाशी हलकेच दोन-चार हात पूड पाण्यात मिसळेपर्यंत. मग चासेन केसभर वर उचलायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, आणि भराभर पुढे-मागे. पंधरा-वीस सेकंदांत फेस धरतो. शेवटी वेग कमी करून वरचे मोठे बुडबुडे टोकांनी फोडायचे आणि चासेन मधोमध सरळ वर काढायचा.

त्यांच्या वाटीत फेस अर्ध्यावरच होता. एका बाजूला चंद्रकोरीएवढं हिरवं पाणी उघडं. मला वाटलं आजींचा हात आता चालत नाही. विचारलं तर कळलं, त्यांच्या घराण्यात असंच करतात. पूर्ण फेसाची साय उरासेन्के या दुसऱ्या घराण्याची. चासेनसुद्धा घराण्यागणिक वेगळा: त्यांचा काळपट तपकिरी, जुन्या घरांच्या छपरात वर्षानुवर्षं चुलीचा धूर खाल्लेल्या बांबूचा, उरासेन्केचा पांढऱ्या बांबूचा. घरच्या पिण्याला यातलं काही आड येत नाही. दुकानात तपकिरी चासेन महाग दिसला तर तो जास्त फेस देतो असं समजू नका, इतकंच.

आई येताना जिन्यात म्हणाली, “चांगल्या आहेत बाई. पण फेस कमी.”

15 एप्रिल, मंगळवार

पाण्याचा प्रश्न. उकळतं पाणी घातलं की कडवट होतं हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. 70 ते 80 अंश हवं. तापमान लावता येणारी किटली 9,000 च्या पुढे, ती घ्यायची नाही असं ठरवलं. तळणीचा थर्मामीटर घरात होता. उकळलेलं पाणी चिनी मातीच्या थंड कपात ओतलं: 88. त्यातून दुसऱ्या कपात: 79. झालं. दोन कप, फुकट. एक कप तसाही वाटी आणि चासेन गरम करायला लागतोच.

आईचा तांब्या वापरून पाहिला. पातळ स्टील, त्यामुळे पाणी फारसं उतरत नाही, वर हात भाजतो. मातीचाच कप घ्या.

19 एप्रिल, शनिवार

प्रमाण रोज वेगळं येतंय. चाशाकुने दोन चमचे म्हणजे दोन ग्रॅमच्या आसपास असं वाचलं होतं, पण माझे दोन चमचे कधी पचपचीत, कधी काळेकुट्ट. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या खालचं दाखवतच नाही. 0.1 ग्रॅमचा काटा घेतला, 1,580.

वीस वेळा मोजलं. माझा चाशाकु एका खेपेला 0.7 पासून 1.1 पर्यंत काहीही उचलतो. आजींनी डोळे मिटून उचललं तर 0.9, 1.0, 1.0. हात बसलेला असला की काटा लागत नाही. मग घरातला मापाचा छोटा चमचा तपासला, बेकिंग पावडरचा, 5 मिलिलिटरवाला. सपाट भरला की 2 ग्रॅम. दर वेळी! म्हणजे काटा घेतला तो ‘काटा नको’ हे कळायला. 1,580 ची शिकवणी.

आता माझं माप: सपाट छोटा चमचा, 70 मिलिलिटर पाणी, 80 अंशाच्या आत. लेकाला दूध घालून हवा असतो. त्याला तीच पूड 40 मिलिलिटर पाण्यात घोटायची आणि वर गार दूध. त्याच्यासाठी मात्र ते बॅटरीचं यंत्र चालतं, उंच ग्लासात. दुधात फेसाचा बारीकपणा कोण बघतो!

26 एप्रिल, शनिवार

आज कप्पाबाशी. उएनो आणि आसाकुसाच्या मधला स्वयंपाकाच्या सामानाचा रस्ता. आपल्या तांबट आळीत तांब्या-पितळेचीच भांडी, इथे सुरीपासून हॉटेलच्या खिडकीत मांडतात त्या नकली जेवणापर्यंत सगळं. आईला घेऊन जाणं ही चूक, कारण तिला खिसण्या बघण्यातच दीड तास लागला. पण तिचं लक्ष तिकडे म्हणून मला चावान शांतपणे बघता आलं.

आणि तरीही चुकीचंच घेतलं. ‘एक राकू, दोन हागी, तीन कारात्सु’ अशी चहाच्या वाट्यांची क्रमवारी इथे म्हणीसारखी सांगतात. डोक्यात तेच होतं. फिकट गुलाबी झाक असलेली हागीची वाटी दिसली, हातात अंड्यासारखी बसली, तळ रुंद, आत मधोमध चहा साठायला हलकासा खळगा. 6,600. घेतली. दुकानदार काहीतरी सांगत होता, पाण्यात भिजवा वगैरे. मी “हाय, हाय” (म्हणजे हो, हो) करत मान डोलावली.

संध्याकाळी माचा केला. उत्तम झाला. अर्ध्या तासाने वाटी उचलली तर टेबलावर ओलं कडं. पुसलं, पुन्हा ठेवली, पुन्हा कडं. तडा गेलाय म्हणून उजेडात धरून पाहिली, काही नाही.

हागीची माती सच्छिद्र, भाजण कमी, आणि वरच्या काचेसारख्या चकचकीत थराला केसासारख्या चिरा. त्यातून पाणी झिरपतं. चहाही चिरांत मुरत जातो आणि वर्षानुवर्षांत वाटीचा रंग पालटतो, ‘हागीची सात रूपं’ म्हणतात ती हीच. जाणकार त्यासाठीच पैसे मोजतात. मला सात रूपं नको होती, सकाळी सव्वासातची लोकल गाठायची होती.

29 एप्रिल, मंगळवार (सुट्टी)

आजींनी उपाय सांगितला: तांदळाच्या धुवणात वाटी बुडवून मंद आचेवर उकळायची आणि त्यातच गार होऊ द्यायची. तांदळातली खळ छिद्रं बुजवते. आई म्हणाली, “मग हे मला विचारायचं. नवी मडकी आम्ही वापरायला काढायच्या आधी काय करायचो?” तिने पातेल्यात खाली पंचा अंथरला, म्हणजे वाटी आदळू नये.

कडं पुष्कळ कमी झालं, पूर्ण थांबलं नाही. शिवाय वापरायच्या आधी दर वेळी पाण्यात भिजवायची आणि नंतर दोन-तीन दिवस सुकवायची. रोजच्या धावपळीत हे जमणारं नाही. शनिवारची वाटी म्हणून ठेवली.

4 मे, रविवार. नारा

सुट्ट्यांत आईला नाराची हरणं दाखवायला आणलं. त्यातला अर्धा दिवस मी माझ्या कामासाठी काढला आणि इकोमा शहरातल्या ताकायामा गावी गेले. जपानात बनणाऱ्या चासेनपैकी बहुतेक सगळे या एका गावातले. चिकुरिन-एन नावाची बांबूची बाग आहे, तिथे चासेनचं छोटं संग्रहालय आहे.

काम बघितल्यावर माझ्या 2,980 च्या सेटमधला चासेन का मोडला याचं उत्तर मिळालं. चासेन म्हणजे बांबूचं एकच कांडं. जोड नाही, खिळा नाही, गोंद नाही. खाली दांडा, पेर ठेवलेलं, आणि पेराच्या वरचा भाग चिरत चिरत जातात. तीनेक वर्षांचा बांबू थंडीत तोडतात, उकळून तेल काढतात, मग भाताच्या रिकाम्या खाचरांत तंबूसारखे ढीग रचून थंडीतल्या उन्हावर सुकवतात. ते मला फोटोतच दिसलं, मे महिना होता. त्यानंतरही बांबू साठवून मुरवतात.

कारागीर जमिनीवर बसलेला, समोर ओंडका. चिरलेल्या काड्या गरम पाण्यात भिजवून एकेक काडी आतल्या बाजूने सुरीने तासतो. टोकाकडे इतकी पातळ की पलीकडचा उजेड दिसतो. या पायरीला ‘आजि-केझुरी’ म्हणतात, म्हणजे चव तासणं. काडी कशी तासली त्यावर चहाची चव ठरते असं मानतात. नंतर बाहेरच्या प्रत्येक काडीच्या दोन्ही कडा मारतात, नाहीतर पूड तिथे चिकटते. मग दोऱ्याने आतल्या आणि बाहेरच्या काड्या वेगळ्या बांधतात. मी सोबत आणलेला तुटका चासेन बाजूला धरून पाहिला. त्याच्या काड्या बुडापासून टोकापर्यंत एकाच जाडीच्या. वाकायला जागाच नाही, म्हणून टोकाला ताण आला की मट्‌कन तुटायच्या.

80 काड्यांचा घ्यावा की 100? काड्या जास्त तितका फेस सहज, पण त्या तितक्याच नाजूक. कमी आणि जाड काड्यांचा चासेन दाट माचासाठी असतो, त्याला फेस करायचाच नसतो. स्वस्त दिसला म्हणून तो उचलू नका. मी पांढऱ्या बांबूचा 80 चा घेतला, 4,400.

आई हरणांकडून परत आली ती रागावलेली. हरणाने पर्समधला सांगलीहून आणलेला राजगिऱ्याचा लाडू कागदासकट खाल्ला होता.

5 मे, सोमवार

परतताना क्योतोला थांबून उजीला तासभर. एका दुकानात माचाचं दगडी जातं मांडलेलं होतं. आई थबकली. “हे तर आपलं जातं.” खुंटा, पाळू, तळी, सगळं ओळखीचं, फक्त आकार लहान. तिथे लिहिलं होतं की असं एक जातं तासाला 40 ग्रॅमच्या आसपास पूड काढतं. आईने मनात हिशेब केला. “म्हणजे तुझ्या त्या डब्याला एक तास दळलंय. आणि तू आठ ग्रॅम सांडलेस.”

तिला आठ कसे माहीत, देव जाणे. मी वहीत लिहिते ती वाचत असावी.

10 मे, शनिवार

ताकायामाचा चासेन हागीच्या वाटीत. पहिल्याच खेपेला बारीक, मऊ, सायीसारखा फेस. हात तोच, पूड तीच, पाणी तेच. पण वाटीसुद्धा बदललीय, मग श्रेय कोणाचं? म्हणून उलटं करून पाहिलं: नवा चासेन, सेटची निमुळती वाटी. फेस आला, पण कडेला आपटत. मग जुना तुटका चासेन, हागीची वाटी. फेस जेमतेम, बुडबुडे मोठे. दोन्ही लागतात. त्यातही चासेन आधी.

त्यासोबत चासेन ठेवायची चिनी मातीची खुंटी घेतली, कुसेनाओशी, 770. वाळताना काड्या आत मिटतात, या खुंटीवर उलटा बसवला की फुलाच्या आकारात राहतात. उगीच खर्च वाटला होता. आठवड्यात मत बदललं.

11 मे, रविवार

डबा संपला. 40 ग्रॅमपैकी 32 पोटात, 16 वाट्या, 8 मोरीत. दुसरा डबा तीन दुकानं फिरल्यावर मिळाला.

नव्या डब्याबरोबर नवी चूक. फ्रिजमध्ये ठेवला आणि सकाळी काढून लगेच उघडला. झाकणाच्या आत दव धरलं, कडेची पूड ओलसर. फ्रिजमधून काढला की खोलीच्या हवेला येईपर्यंत उघडायचा नाही. मी आता रात्रीच बाहेर काढून ठेवते.

24 मे, शनिवार

रोजच्या चावानचा निकाल लागला. जवळच्याच भांड्यांच्या दुकानात मिनोची, म्हणजे गिफुकडची, साधी काळपट वाटी 1,650 ला मिळाली. या वेळी देखणेपण बाजूला ठेवून फूटपट्टी घेऊन गेले. (दुकानातल्या मुलीने बघितलं, काही बोलली नाही.) तोंड 12 सेंटिमीटर, उंची साडेसात, तळ आतून सपाट आणि चासेन मोकळा फिरेल इतका रुंद, भिंती सरळ वर चढलेल्या म्हणजे उडत नाही, काचेचा थर आतून-बाहेरून अखंड. जाड आहे, त्यामुळे हात भाजत नाही. काळ्यावर हिरवा फेस उठून दिसतो, हे फुकटात.

न घेतलेल्या वस्तूही लिहून ठेवते. पूड ठेवायची लाखेची डबी, नात्सुमे: नाही, मूळ डबाच बरा, त्याला हवाबंद झाकण आहे. वाटी पुसायचं पांढरं तागाचं फडकं: आईने जुन्या पंच्याचे चार चौकोन कापून हाताने कडा दुमडून दिले. सांडपाण्याचं भांडं: सिंक आहे ना.

14 जून, शनिवार

त्सुयु सुरू आहे. इथला पावसाळा, पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, पण भिंतीसुद्धा घामेजतात.

तीन दिवस हाकोनेला गेलो होतो. जाताना धूळ बसू नये म्हणून ताकायामाचा चासेन धुऊन, झटकून, ज्या प्लास्टिकच्या नळीतून आला होता तिच्यात परत घातला. झाकण घट्ट लावलं. काळजी घेतल्याचं समाधान वाटलं होतं.

आज उघडला. दोऱ्याच्या गाठीपाशी, आतल्या काड्यांच्या मुळाशी, राखाडी-हिरवे ठिपके. उन्हात ठेवावं तर ऊनच नाही. गरम पाण्याने धुतला तरी वास जाईना. बुरशी काड्यांच्या फटीत शिरली की निघत नाही, आणि तोंडात जाणारी वस्तू. टाकला. 4,400 येन, चाळीस दिवस.

या वेळी आईचा हात नव्हता. ती गप्प बसली, ते जास्त लागलं.

नळी फक्त दुकानातून घरी आणण्यापुरती असते. घरी चासेन साध्या कोमट पाण्याने धुवायचा, साबण नाही (बांबू वास धरून ठेवतो), झटकायचा, आणि उघड्या हवेत खुंटीवर. पण खुंटीवर तरी लगेच बसवायचा का? मी बसवत होते. आजी म्हणाल्या, पावसाळ्यात आधी थोडा वेळ आडवा सुकू दे, मग बसव. ओला बसवला की आतल्या काड्यांना वाराच लागत नाही.

हागीची वाटीही तपासली. बुडाला, जिथे माती उघडी असते तिथे, कुबट वास. उकळून काढली, पंख्यासमोर चार दिवस ठेवली. वाचली.

17 जून, मंगळवार

दुसरा चासेन मागवला. ताकायामाचाच, 80 चाच, 4,400. मिस्टरांनी विचारलं, “हा किती दिवसांचा?” उत्तर दिलं नाही.

22 जून, रविवार

हिशेब. सेट 2,980, गाळणी 110, काटा 1,580, हागी 6,600, पहिला चासेन 4,400, खुंटी 770, मिनोची वाटी 1,650, दुसरा चासेन 4,400. एकूण 22,490. माचाचे पैसे वेगळे.

आज रोज हाताला लागतं ते: गाळणी, मिनोची वाटी, एक चासेन, खुंटी. 6,930. चमचा घरातला, कप घरातले. बाकीचे 15,560, म्हणजे नऊ हजार रुपये, या वहीत जिरले. पैसे कमी असतील तर गाळणी आणि चांगला चासेन घ्या आणि घरातलाच रुंद सपाट तळाचा मातीचा बाऊल वापरा. मी नेमकं उलट्या क्रमाने गेले.

वेळ: आता सकाळी चार मिनिटं, धुण्यासकट.

28 जून, शनिवार

आई उद्या निघणार. आजी निरोप द्यायला वर आल्या. बोलता बोलता त्यांनी विचारलं, तुमचा तो पहिला, तुटका चासेन आहे का अजून? जुने चासेन कचऱ्यात टाकत नाहीत, देवळात ‘चासेन-कुयो’ होतो, तिथे त्यांचे आभार मानून जाळतात. त्या स्वतःचे दोन घेऊन जाणारच आहेत, आमचाही नेतील.

मी ओट्याच्या खणात शोधला. नाही. नळीचा कप्पा, नाही. आईला विचारलं.

आई सिंकपाशी उभी होती. डाव्या हातात आल्याची किसणी, उजव्या हातात चासेन, आणि किसणीच्या दातांत अडकलेले आल्याचे धागे ती त्याने एकेक करून काढत होती. काड्या आता निम्म्याच उरल्यात, आखूड, कडक.

“हा ना? दीड महिना मी यानेच घासतेय,” ती म्हणाली. “ब्रशने निघत नाहीत ते धागे. त्यांना सांग, हा सांगलीला चाललाय.”

आजींना जपानीत काय सांगावं ते मला सुचेना. त्यांनी किसणी हातात घेतली, उजेडात धरली, दातांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “नारुहोदो.” म्हणजे, असं होय.